मावशीचे खरखरीत स्फटिक

मावशीने म्हणे रागाच्या भरात ऑफिसातले हिऱ्यासारखे स्फटिक सँडपेपरने घासून टाकले.

ही बातमी मावशी राहते त्या इमारतीत लिफ्टने वर गेली आणि जिन्याने खाली आली. लिफ्टमध्ये शिरताना ती नुसती "घासले म्हणे" एवढीच होती. मधल्या मजल्यावर तिला "साहेबांदेखत" चिकटलं. तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकूंपर्यंत पोहोचेतोवर मावशी हातात कानस घेऊन साहेबांच्या मागे धावत होती, साहेब टेबलाभोवती पळत होते, आणि शेवटी दोन शिपायांनी तिला आवरून ऑफिसच्या तळघरात नेऊन बसवलं होतं. "तेव्हापासून तळघरातच असते गं बिचारी," काकू ओठांतल्या टाचण्या न काढता म्हणाल्या. "शिक्षाच ती. पंखासुद्धा दिला नाही म्हणे मेल्यांनी."

आता खरं काय ते ऐका. सँडपेपर नव्हता. जाड, सपाट काच होती, काचेवर पाणी होतं आणि पाण्यात मैद्यासारखी बारीक पूड होती. कानस नव्हती. साहेब टेबलाभोवती पळाले नाहीत, कारण त्यांचे गुडघे त्यांना तेवढी मुभा देत नाहीत. तळघर ही शिक्षा नव्हे. मावशी जे यंत्र बनवते त्याचं वजन वरच्या मजल्याच्या जमिनीला झेपत नाही म्हणून ते खाली आहे. आणि पंखे तिथे दोन आहेत, शिवाय एसी आहे, आणि त्या एसीपायी मावशी भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसते.

राग? तोही नव्हता. राग आला की मावशीच्या हाताला काम सुचत नाही, फक्त तोंडाला सुचतं. स्फटिक तिने शांत डोक्याने, मुद्दाम, एकेक करून घासले. "पुन्हा वेळ आली तर पुन्हा घासीन," हे ती कोणी विचारलं नाही तरी सांगते.

मावशी मेंदूच्या आतलं चित्र काढणारा पेट स्कॅनर बनवणाऱ्या गटात आहे. हॉस्पिटलात जो असतो तो मोठा, अख्खा माणूस गिळणारा. त्यात छाती दिसते, पोट दिसतं, मेंदूही दिसतो, पण मेंदूतल्या बारीकसारीक जागा दिसतात त्या वाफ धरलेल्या काचेतून दिसाव्यात तशा. मेंदूच्या डॉक्टरीणबाईंना नेमकी अशीच एक जागा बघायची असते. मेंदूच्या देठात, वाटाण्याहून लहान. काही आजार तिथून सुरू होतात, हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी आधी. डॉक्टरीणबाईंना वाक्य पुरं करायला कधीच वेळ नसतो. त्या म्हणतात, "मला ना, तो एवढासा ठिपका, म्हणजे आधीच जर... कळतंय ना?" मावशीला कळतं. म्हणून फक्त डोक्यापुरतं, टोपीसारखं जवळ येणारं छोटं कडं बनवायचं ठरलं. कडं जवळ आलं की जास्त किरण हाती लागतात आणि चित्र बारीक येतं. यायला हवं, निदान.

किरण म्हणजे काय आणि कडं कशाला, हे तिने एकदा जेवताना आपल्या थोरल्या बहिणीला समजावलं होतं. मावशी बहिणीकडेच राहते. बहिणीची मुलगीही तिथे होती. हे लिहिणारी तीच, पण तिला इथे फार भाव द्यायचं कारण नाही.

"हे बघ ताई, घर समज. गोल घर. चहूबाजूंनी बोळ निघालेले. रुग्णाला किंचित किरणोत्सारी साखर टोचतात. मेंदूचा जो भाग जास्त राबतो तो ती जास्त खातो. मग त्या साखरेतून एकाच क्षणी दोन किरण सुटतात, बरोबर विरुद्ध दिशांना. दोन चोर समज. एक या बोळात पळाला, दुसरा समोरच्या. दोन्हीकडचे राखणदार एकदमच 'आला रे आला' ओरडले की त्या दोन बोळांना जोडणारी रेघ मारायची. चोर त्या रेघेवर कुठेतरी होते. अशा लाखो रेघा मारल्या की जिथे रेघांची गर्दी, तिथे मेंदू कामात."

"आणि बोळ म्हणजे तुझे ते..."

"स्फटिक. काडेपेटीतल्या काडीएवढा एकेक. किरण आत आदळला की तो लुकलुकतो, आणि टोकाला बसवलेल्या सेन्सरला ते दिसतं. तो राखणदार."

"मी काही बोलत नाही, पण," ताई म्हणाली. तिचं प्रत्येक लांब भाषण इथूनच सुरू होतं. "पण यात घासण्यासारखं काय आहे?"

"थांब ना! घराच्या मधोमध असलेला चोर बोळात सरळ शिरतो. कडेला असलेला तिरका पळतो, एका बोळाची भिंत भेदून शेजारच्या बोळात खोलवर सापडतो. राखणदार ओरडतो, माझ्या बोळात! अरे बाबा, तुझ्या बोळात, पण दाराशी की आत? ते त्याला ठाऊक नाही. आपण रेघ मारतो दारापासून. रेघ चुकते, आणि कडेचं चित्र फराटतं. लहान कड्यात तर जास्तच. म्हणून प्रत्येक बोळाच्या दोन्ही टोकांना राखणदार बसवायचे. ज्याला आवाज मोठा ऐकू आला, चोर त्याच्या जवळ."

"मग मिटलं की."

"कसं मिटलं? बोळाला गुळगुळीत फरशी लावली तर आवाज दोन्हीकडे सारखाच घुमतो! तुझी मुलगी बाथरूममध्ये गाते तेव्हा कळतं का तुला, नळाजवळ उभी आहे की दाराजवळ? भिंती खरखरीत हव्यात. मग आवाज जाता जाता विरतो. जवळच्याला मोठा, लांबच्याला बारीक. म्हणून स्फटिकाची दोन टोकं चकचकीत ठेवायची आणि चार लांब बाजू खरखरीत."

ताईने भाजीचं पातेलं पुढे सरकवलं. "मी काही बोलत नाही, पण चोरांना घरात घ्यायचंच कशाला?"

तर मावशीचं म्हणणं एवढंच होतं. आणि ते ज्यांना पटत नव्हतं ते म्हणजे तिच्या गटाचे प्रमुख, चकचक सर.

सरांना हे नाव कोणी ठेवलं ते कोणी कबूल करत नाही. सरांची सगळी हयात भिंगं घडवण्यात गेली. दुर्बिणीची भिंगं, कॅमेऱ्याची भिंगं, हाताने घासून घासून अशी केलेली की त्यावर बसलेली माशी घसरावी. त्यांचे बूट चकचकीत, टेबल चकचकीत, आणि जिथे केस असायला हवेत ती जागा तर विचारूच नका. खरखरीत काही दिसलं की सरांच्या बोटांना कसंतरीच व्हायचं. शिवाय त्यांचा मुद्दा अगदीच हवेतला नव्हता. बाजू खरखरीत केल्या की प्रकाश वाया जातो, आणि प्रकाश कमी म्हणजे राखणदाराला बारीक आवाज ऐकू येण्याची मारामार. म्हणून त्यांनी पहिले स्फटिक साही बाजूंनी पॉलिश केलेले मागवले होते. मावशीने त्यातला एकच ट्रे घेतला आणि घासला.

"मॅडम, हे काय केलंत तुम्ही? हो की नाही?" सर ट्रेवर वाकून म्हणाले. सर कशालाही "हो की नाही" जोडतात, प्रश्नालासुद्धा.

"खरखरीत केलं, सर."

"अहो, स्फटिक म्हणजे आरसा! आरशाला कोणी ओरखडे काढतं का? हो की नाही?"

"आरशात तोंड बघायचं असतं, सर. आपल्याला खोली बघायची आहे, किरण किती आत गेला ती."

रुमाल काढून सरांनी ट्रेची कड तेवढी पुसली. मग दोन्ही तऱ्हेचे स्फटिक मोजणीला लावले. पॉलिशवाल्यांत प्रकाश भरपूर, पण चोर दाराशी की आत हे विचारलं तर दोन्ही राखणदार खांदे उडवायचे. खरखरीतवाल्यांत प्रकाश कमी, पण जागा नेमकी. सरांनी आलेख उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. उलटा धरूनही तो मावशीच्याच बाजूने बोलत होता.

"ठीक," सर म्हणाले. "पूर्ण कडं खरखरीत स्फटिकांचं करा. पण चित्र बिघडलं तर सगळं उतरवायचं आणि पॉलिशवाले बसवायचे. मग पुन्हा हा विषय नाही. हो की नाही?"

"हो. आणि नाही बिघडलं तर?"

"तर... बघू."

हे "बघू" मावशीने घरी येऊन दाराशी चपला काढता काढताच म्हणून दाखवलं. भाचीने त्यात लगेच सरांची घशातली खरखर मिसळली. ताई म्हणाली, "मी काही बोलत नाही, पण मोठ्या माणसांची नक्कल करू नये," आणि पदर तोंडाला लावून हसली.

मग कडं बांधायचं काम सुरू झालं. काडीएवढे स्फटिक ओळीने मांडायचे, मध्ये पांढरा परावर्तक कागद घालायचा, चिकटवून ठोकळा करायचा. ठोकळ्याच्या एका टोकाला आतला सेन्सर, म्हणजे डोक्याच्या बाजूचा, आणि दुसऱ्या टोकाला बाहेरचा. मग दोन केबली. हे काम मावशी आणि वायरमन करायचे. वायरमन खरं म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला माणूस, पण हातात सदैव सोल्डरिंगची बंदूक, म्हणून वायरमन. वाद टाळायची त्याची स्वतःची रीत होती. तो आधी समोरच्याचं सगळं मान्य करायचा आणि मग काहीच मान्य करायचा नाही.

"मॅडम, दोन्ही केबली दिसायला सारख्या आहेत. आतली, बाहेरची अशी लेबलं लावू."

"गोंद सुटून ती स्फटिकांत पडतात. मला लेबल लागत नाही. डोक्याची बाजू नेहमी माझ्याकडे, डाव्या हाताची केबल आतली. बसल्या जागी कळतं."

"तुमचं बरोबर आहे, पण..."

"पण काय?"

"काही नाही. तुमचं बरोबर आहे."

कडं उभं राहिलं. त्याची पहिली परीक्षा माणसाच्या डोक्यावर करत नाहीत. एक पारदर्शक डबा असतो, त्याला या धंद्यात फँटम म्हणतात, म्हणजे डोक्याऐवजी ठेवायचं खोटं डोकं. त्यात उभी, गोल भोकं असतात. केकचे तुकडे पाडावेत तसे त्याचे भाग असतात. एका तुकड्यात बोटभर जाडीची भोकं, दुसऱ्यात त्याहून बारीक, असं करत शेवटच्या तुकड्यात विणकामाच्या सुईएवढी. भोकांत किरणोत्सारी पाणी भरलं की त्या कांड्या होतात. यंत्राने चित्र काढायचं आणि कांड्या वेगवेगळ्या मोजता येतात का बघायचं. दोन कांड्या मिळून एक दिसली की यंत्र तिथे नापास.

डबा मधोमध ठेवला तेव्हा कांड्या अशा सुटसुटीत दिसल्या की वायरमनने शीळ घातली. मग तो कडेला सरकवला. कडेचं चित्र आलं. ओल्या शाईवरून बाही फिरावी तशा बारीक कांड्या एकमेकींत मिसळल्या होत्या.

"खरखर उतरली चित्रात," सर म्हणाले. "हो की नाही?"

त्याच दिवशी कँटीनमध्ये मावशीचं "सँडपेपर मॅडम" झालं, आणि तिथून ते कोणाच्या तरी डब्यात बसून इमारतीच्या लिफ्टपर्यंत आलं. सरांनी सांगितलं, नव्या आठवड्यात कडं उतरवा. पॉलिशवाल्यांची मागणी त्यांनी लगोलग तयार करायला घेतली.

मावशीला झोंबलं ते नाव नव्हतं. ते तिने स्वेटरवर विणून घ्यायची तयारी दाखवली असती. तिला झोंबलं ते हे, की डबा दुसऱ्या कडेला सरकवल्यावर चित्र स्वच्छ येत होतं आणि कोणाला त्यात विचारण्यासारखं काही दिसत नव्हतं.

"सर, स्फटिक सगळे एकाच तऱ्हेने घासलेत. दोष त्यांचा असता तर सगळ्या कडा फराटल्या असत्या. एकच का?"

"मॅडम, स्फटिक वाढवावे लागतात. वाढणारी वस्तू थोडी इकडे तिकडे होणारच. हो की नाही?"

"नाही."

सरांना "हो की नाही"चं उत्तर "नाही" असं आजवर कोणी दिलं नव्हतं. ते गुडघा धरून जिना चढून गेले.

नव्या आठवड्यात स्टोअरमधले दोघे ट्रॉली ढकलत तळघरात उतरले तेव्हा मावशी पान्यांच्या पेटीवर बसलेली होती. कड्याचे स्क्रू ज्या पान्याने निघतात तो त्याच पेटीत होता.

"मॅडम, जरा उठता का?"

"का?"

"पेटी हवी होती."

"मलाही हवी आहे. बसायला."

"खुर्ची आणून देऊ?"

"खुर्चीवर माझी पाठ दुखते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक म्हणाला, "वर सांगावं लागेल." मावशी म्हणाली, "सांगा. सावकाश सांगा. लिफ्ट बंद आहे, जिन्याने जा, आणि सरांना खाली यायला सांगू नका, त्यांचे गुडघे दुखतात." ट्रॉली तिथेच राहिली. ती पुढे बरेच दिवस वायरमनला कोट अडकवायला झाली.

पेटीवर बसल्या बसल्याच तिने वायरमनला कामाला लावलं. "डबा काढा. कड्याच्या बरोबर मध्यावर एकच किरणोत्सारी ठिपका ठेवा. मग एकेका ठोकळ्याला विचारा, चोर कुठे सापडले."

"तुमचं बरोबर आहे, पण त्याने काय कळणार?"

"मध्यातून सुटलेले चोर बोळात दारातूनच शिरतात ना? मग बरेचसे दाराजवळच सापडायला हवेत. आत जावं तसे कमी. प्रत्येक ठोकळ्याने हेच सांगायला हवं. जो वेगळं सांगेल, तो आपला माणूस."

एकेका ठोकळ्याचा आलेख पडद्यावर येऊ लागला. दाराशी उंच, आत उतरता. दाराशी उंच, आत उतरता. वायरमनला जांभई आली. आणि मग एक आला तो दाराशी बुटका, मागे उंच. त्याच्या शेजारचाही तसाच. त्याच्या शेजारचाही.

"मॅडम," वायरमन म्हणाला, "इथले चोर मागच्या भिंतीतून शिरताहेत."

मावशी पेटीवरून उठली. मागच्या भिंतीतून चोर येत नसतात. त्या ठोकळ्यांत आतली केबल बाहेरच्या जागी लागली होती आणि बाहेरची आतल्या. दाराशी सापडलेला चोर यंत्राला खोल वाटत होता आणि खोल सापडलेला दाराशी. रेघेची प्रत्येक दुरुस्ती उलटी होत होती. त्यापेक्षा दुरुस्ती केलीच नसती तर चित्र बरं आलं असतं.

वायरमन छताकडे बघत होता. मावशीनेही छताकडे पाहिलं. तिथे पाइपाच्या सांध्याला नवीन पट्टी गुंडाळलेली होती. ठोकळे जोडायचं काम चालू असताना मध्येच तो पाइप गळायला लागला होता. गळती बरोबर मावशीच्या खुर्चीवर. खुर्चीच्या जागी बादली आली आणि मावशी खुर्ची उचलून टेबलाच्या पलीकडे जाऊन बसली, पाइप दुरुस्त होईपर्यंत. ठोकळा पकडून ठेवणारा साचा टेबलाला स्क्रूने घट्ट होता. तो काही तिच्याबरोबर फिरला नाही. डोक्याची बाजू आता तिच्याकडे नव्हती, समोर होती. डाव्या हाताची केबल मात्र ती आतलीच समजत राहिली.

"मीच," मावशी म्हणाली.

वायरमनने खाली बघून हलकेच विचारलं, "दुपारी सर मीटिंगला असतात. तेवढ्यात केबली फिरवून टाकू? सगळं सरळ होईल. कोणाला कळायचंसुद्धा नाही."

खरं सांगायचं तर मावशीच्याही मनात ते येऊन गेलं. कोणाच्या येणार नाही? तिने पाना हातात घेतला, आणि परत पेटीत टाकला.

"नाही. गुपचूप केलं तर उद्या चित्र चांगलं येईल आणि सर काय म्हणतील? स्फटिक लहरी आहेत. आज बरे, उद्या वाईट. पुढच्या यंत्राला पॉलिशवालेच मागवतील. चूक कोणाची होती हे सगळ्यांना कळलं, तरच ती त्यांची नव्हती हे कळेल."

"तुमचं बरोबर आहे, पण नाव तुमचं जाईल ना."

"माझं नाव आधीच सँडपेपर आहे. त्याला आणखी काय होणार?"

आणि ती थेट मीटिंगमध्येच गेली. मोठ्या टेबलाभोवती सगळे बसलेले, डॉक्टरीणबाईही आलेल्या, आणि सर पॉलिशचे फायदे सांगत असताना मावशी दारातूनच म्हणाली, "सर, चूक सापडली. माझी आहे. काही ठोकळ्यांच्या केबली मी उलट्या लावल्या. लेबलं लावू नका म्हणणारीही मीच."

सरांचा चेहरा बुटांसारखा उजळला. "म्हणजे चूक तुमची! हो की नाही?"

"हो. पुरी माझी. हवं तर पाटी करून गळ्यात घालते आणि कँटीनमध्ये फेरी मारते. पण स्फटिकांची नाही. त्यांना हात लावू देणार नाही."

सर काही म्हणणार, तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग केबली सरळ करून एकदा, कडेला, अगदी बारीकवाल्या... मी मोजते ना."

त्यांचं वाक्य सरांनी पुरं केलं. केबली सरळ करा. डॉक्टरीणबाईंसमोर डबा कडेला ठेवा. सगळ्यात बारीक कांड्या त्यांना स्वतः, कोणी मदत न करता मोजता आल्या तर खरखरीत कडं राहील. नाही आल्या तर उतरेल, आणि त्या वेळी मॅडम पेटीवर बसणार नाहीत. हो की नाही?

"हो," मावशी म्हणाली.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी जेवताना तिने हे सगळं साग्रसंगीत सांगितलं. भाचीला मावशीच्या चोरांबद्दल प्रेम होतं, पण सरांचा आवाज गळ्यात बसवता बसवता तिच्या मनातही सरच बसले होते. ती म्हणाली, "मावशी, नाही दिसायच्या त्या कांड्या. कडेला तर नाहीच. सुईएवढं काय दिसतं?"

"लाव पैज."

"लावली. तू हरलीस तर सरांसमोर उभं राहून म्हणायचं, 'सर, आरसा तो आरसाच,' आणि म्हणताना हसायचं नाही."

ताईचा घास हातातच राहिला. मावशी म्हणाली, "कबूल. आणि तू हरलीस तर डोकं ठेवायच्या उशीची चाचणी आहे. इंजेक्शन नाही, काही नाही, यंत्र बंद. नुसतं कड्यात डोकं घालून पडून राहायचं. डॉक्टरीणबाई पुरे म्हणेपर्यंत हलायचं नाही, आणि एक शब्द बोलायचा नाही."

"मी काही बोलत नाही, पण," ताई म्हणाली, "ही पैज माझी मुलगी जिंकली तरी हरली तरी मला चालेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तळघरात सगळे कोंडाळं करून उभे राहिले. मावशी पडद्यापासून लांब, भिंतीला टेकून उभी होती. बारीक कांड्या कडेला नसत्याच दिसल्या तर तिच्याजवळ आता दुसरं कारण शिल्लक नव्हतं. केबली तिने एकेक करून तपासल्या होत्या, वायरमनने पुन्हा तपासल्या होत्या, आणि प्रत्येक केबलीवर आता लाल आणि निळा रंग होता, गोंद नाही, रंग. यानंतर जे दिसेल ते स्फटिकांचं स्वतःचं म्हणणं असणार होतं.

चित्र हळूहळू भरत गेलं. जाड कांड्या आधी आल्या. मग मधल्या. शेवटचा तुकडा बराच वेळ नुसताच भुरकट होता, आणि सरांनी रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला. चष्मा परत नाकावर चढेपर्यंत भुरकटपणाला ठिपके फुटले होते.

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. पेन्सिलीचं उलटं टोक पडद्यावर टेकवत त्या मोजू लागल्या. मध्येच थांबल्या. मावशीने डोळे मिटले. डॉक्टरीणबाईंनी आपला चष्मा बदलला, पुन्हा पहिल्यापासून मोजलं, आणि त्यांच्या आयुष्यातलं बहुधा पहिलं पुरं वाक्य बोलल्या.

"सगळ्या आहेत, आणि सगळ्या वेगवेगळ्या आहेत."

वायरमनने शीळ घालायला तोंड केलं, पण सरांकडे बघून नुसती फुंकर सोडली. सर पडद्याशी गेले. त्यांनी स्वतः मोजलं. मग बोटाने पडद्याची कड पुसली, जणू तिथे काही लागलं होतं.

"प्रकाश कमीच आहे," ते म्हणाले.

"आहेच," मावशी म्हणाली. "ते मी कधी नाकारलं? पुढच्या वेळी सेन्सर चांगले मागवा, सर. पॉलिशच्या मागणीऐवजी."

तळघरातल्या सगळ्यांनी "हो की नाही"ची वाट पाहिली. ते आलं नाही. सर म्हणाले, "मागवू," आणि गुडघा धरून जिन्याकडे निघाले. कँटीनमधलं "सँडपेपर मॅडम" मात्र काही पुसलं गेलं नाही. मावशी आता त्या हाकेला ओ देते, आणि ओ देताना मान जरा जास्तच वर करते.

शिवणकामवाल्या काकूंना हे सगळं कोणीतरी नीट सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे पंखा मिळाला तर!"

आणि पैज. पैज भाची हरली, म्हणजे अस्मादिक हरले. सुट्टीच्या दिवशी मावशीने त्यांना तळघरात नेलं, उशीवर डोकं ठेवायला लावलं आणि कडं टोपीसारखं खाली ओढलं. आत दिसायला काही नव्हतं, एक पांढरं प्लास्टिक आणि नाकापासून वीतभर अंतरावर त्याचा सांधा. बाहेर मावशी आणि डॉक्टरीणबाई उशीबद्दल बोलत होत्या, मानेखाली उंच झाली का, कानाजवळ टोचते का. टोचत होती. डाव्या कानामागे, चांगलीच. ते सांगायला तोंड लागतं, आणि तोंड तर पैजेत गेलेलं. बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई वाकल्या, हसल्या, म्हणाल्या, "हं, आता मला वाटतं, पु..." आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि त्या बोलत बोलत जिना चढून गेल्या.

अस्मादिक तसेच पडून राहिले. ते "पुरे" होतं की "पुढे", हे कोणाला विचारणार?